खारबांधाची राखण

पेण तालुक्यात धरमतर खाडीलगत व रोह्याकडे कुंडलिकेच्या काठी खारजमिनीतील भातशेती टिकते ती बांधाच्या आधारावर. पूर्वी पेणकडील शिलोत्री पद्धतीत बाहेरील बांधाची दुरुस्ती शिलोत्रदाराकडे असे. 1948 च्या व पुढे 1979 च्या कायद्याने सरकारी योजना आल्या. परंतु खेकड्याचे बीळ प्रथम दिसते ते शेतकऱ्यासच. उधाणात त्याच बिळाची खांड होते, आणि शिवारात शिरलेले मीठ धुऊन निघण्यास काही पावसाळे जावे लागतात. बांधापासून दूरचा खातेदार श्रमदानास सहसा टाळतो. वास्तविक त्याचे शेत सखल असल्यास पाणी तिकडेच धावते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने उन्हाळ्यात, भांगाच्या दिवसांत, सर्वांसह बांध फिरून पाहावा. बिळे खणून चिकणमातीने ठोकून भरावीत, उघाडीची झडप तपासावी. बाहेरील तिवरे मात्र तोडू नयेत. लाटांचा पहिला मार तीच झेलतात.