सौरऊर्जेची इंटर्नशिप घेण्यापूर्वी

एमएस्सीला पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या नाशिकच्या एका विद्यार्थिनीने उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिपसाठी सौरऊर्जेचा प्रसार करणारी एक संस्था निवडली. गच्चीवर पॅनल कसं बसवतात, नेट मीटर कसा चालतो, हे जवळून बघायला मिळेल असं तिला वाटत होतं. हातात पडला तो पत्रकांचा गठ्ठा आणि एक तक्ता. नाव, मोबाइल नंबर, महिन्याचं वीजबिल. रो-हाउसच्या गल्ल्यांतून फिरायचं आणि तक्ता भरून आणायचा. प्रशिक्षणाच्या नावाखाली एक छोटं भाषण झालं, तेवढंच.

एका घरात निवृत्त आजोबांनी विचारलं, "लाइट गेली तर पंखा चालू राहील ना गं?" पत्रकावर तर 'लोडशेडिंगपासून कायमची सुटका' असं ठळक छापलेलं. तिला खात्री नव्हती, म्हणून "विचारून सांगते" म्हणाली. संस्थेत कुणालाच नीट सांगता येईना.

उत्तर मिळालं ते पॅनल बसवणाऱ्या एका वायरमनकडून. महावितरणचा पुरवठा गेला की साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तो बंद व्हायलाच हवा, नाहीतर गच्चीवरची वीज उलट तारांत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही पंखा हवा असेल, तर बॅटरीची हायब्रिड यंत्रणा घ्यावी लागते आणि तिचा खर्च वेगळा.

मग तिने पत्रकातली ओळ न् ओळ तपासायला घेतली. 'सरकारतर्फे मोफत' हे अर्धसत्य होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान मिळतं. यंत्रणा बसून नेट मीटर लागल्यावर ते बँक खात्यात जमा होतं. उरलेला खर्च सहसा ग्राहकाचाच. 'बिल शून्य' हेही तसंच. गच्चीवर तयार झालेले युनिट बिलातून वजा झाले तरी स्थिर आकार भरावा लागतो.

जागेचं तर पत्रकात नावच नव्हतं. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते, पावसाळ्यात कमी. आजोबांच्या गच्चीवर दुपार कलली की पाण्याच्या टाकीची सावली निम्म्या फरशीवर यायची. एकत्र जोडलेल्या पॅनलपैकी एकावर सावली पडली, तरी सगळ्या रांगेची निर्मिती घटू शकते. हे सगळं तिने आजोबांना समजावून सांगितलं. त्यांनी सावली टाळून, परवडेल तेवढीच यंत्रणा बसवायचं ठरवलं.

तक्त्यातले नंबर थेट एका विक्रेत्याकडे जात होते, हे तिला उशिरा कळलं. "तुम्ही गेलात आणि फोनांचा मारा सुरू झाला," असं लोक तोंडावर सांगू लागले. कॉलेजमधल्या मार्गदर्शक मॅडमशी बोलून तिने ते काम थांबवलं आणि उरलेली इंटर्नशिप पॅनल बसवणाऱ्या टोळीसोबत पूर्ण केली.

तिच्या मागून येणाऱ्यांनी होकार देण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. शिकवणार कोण? प्रत्यक्ष जोडणी बघायला मिळणार का? संस्थेला पैसा कुठून येतो, विक्रेत्याकडून कमिशन मिळतं का? लोकांचे नंबर कुणाला देणार, आणि ते लोकांना सांगणार का? कठडा नसलेल्या गच्चीवर चढायचं असेल, तर सुरक्षा पट्टा मिळेल का? प्रवासखर्च कुणाचा? उत्तरं ईमेलवर मागावीत आणि कॉलेजलाही कळवावीत.

सौरऊर्जा हवीच आहे. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने राज्यातलं पहिलं सौरग्राम होऊन गावालाही हे जमतं, हे दाखवलं आहे. म्हणूनच सौरऊर्जेचा प्रचार करणाऱ्यांनी, आणि त्यांच्यासोबत उन्हातान्हात फिरणाऱ्या विद्यार्थ्यांनी, दारात उभं राहण्याआधी नेट मीटरचं एक बिल स्वतः वाचावं, एक गच्ची स्वतः मोजावी, आणि ठाऊक नसेल ते वचन कुणालाही देऊ नये.