तुला काय हवे?



१९८० साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ल्युकेमिया झालेल्या सात वर्षांच्या मुलाला पोलीस व्हायचे होते. पोलिसांनी त्याला गणवेश शिवून दिला, हेलिकॉप्टरमधून फिरवले. काही दिवसांतच तो देवाघरी गेला. त्यातून ‘मेक-अ-विश’ संस्था उभी राहिली. पुढे मुंबईच्या उदय व गीता जोशी यांच्या आजारी मुलाची डिस्नेलँड पाहण्याची इच्छा तिने पुरी केली. मुलगा गेल्यावर या आईवडिलांनी १९९६ मध्ये हे काम भारतात सुरू केले.

कोणी विचारील, हा पैसा औषधाला का नको? औषध आधी, हे खरेच. पण औषध साधन आहे, जगणे हे साध्य. आजारी लेकराचे इंजेक्शन, पथ्य, शाळा, सारे दुसरेच ठरवतात. त्याला कोणी काही विचारत नाही. सहलीने रोग बरा होत नाही. पण ‘तुला काय हवे?’ या प्रश्नाने ते पुन्हा रोगी न राहता मूल होते. आंधळ्या बार्तीमयाची गरज उघड दिसत असतानाही प्रभू येशूने आधी त्यालाच विचारले (मार्क १०).

लोणंदमध्ये पुण्या-मुंबईहून उपचार घेऊन परतलेले मूल असेल, तर आईवडिलांची व डॉक्टरांची परवानगी घेऊन भेटा. आईशी बोलून निघू नका. मुलाजवळ बसा, त्यालाच विचारा. कदाचित स्टेशनवर गाडी पाहायची असेल, इतकेच. जमणार नाही ते मात्र कबूल करू नका.

घरी चर्चा करा : शेवटचे कोणत्या आजारी माणसाला आपण हा प्रश्न विचारला?