लेव्हल टूच मागून घे

चि. निखिल यास,


घराचा करार झाला, वकिलांची तीन दिवसांची मुदतही पार पडली, हे गौरीकडून कळलं. दोघांचं अभिनंदन. तू पाठवलेला होम इन्स्पेक्टरचा अहवाल वाचून काढला. छप्पर, पन्हाळी, तळघरातली ओल, विजेची पेटी, सगळं नीट लिहिलंय. जुनी तेलाची टाकी अंगणात पुरलेली नाही ना, हे तू वेगळा माणूस बोलावून बघून घेतलंस, तेही शहाणपणाचं केलंस; न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्याला त्या टाकीची धास्ती हवीच. पण चिमणीबद्दल अहवालात दीड ओळ आहे. बाहेरून ठीक दिसते, आतून पाहिलेली नाही, तज्ज्ञाकडून तपासावी. त्या दीड ओळीसाठी हे पत्र.

"मावशी, इन्स्पेक्शन झालंय की," असं तू फोनवर म्हणालास. चिमणीचं झालेलं नाही. होम इन्स्पेक्टरच्या कामात चिमणीच्या आतली नळी, म्हणजे फ्लू, धरलेलीच नसते. तो फायरप्लेसमध्ये टॉर्च मारतो, डॅम्पर, म्हणजे धुराच्या वाटेची झडप, हलतोय का बघतो आणि पुढच्या खोलीत जातो. त्यात त्याची चूक नाही, आणि ते त्याने लिहूनही दिलंय. क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, आधी विकणारा गावाकडून धुराच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचा दाखला आणील, तोही चिमणीचा दाखला समजू नकोस. अलार्म आणि आग विझवायचं नळकांडं जागेवर आहेत, एवढंच त्यातून कळतं.

अमेरिकेत या कामाला नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं २११ क्रमांकाचं मानक लागू धरतात. २००० सालच्या आवृत्तीपासून त्यात तपासणीच्या तीन लेव्हल आहेत. लोकांना वाटतं, जितकी चिमणी जुनी किंवा जितकी काळजी जास्त, तितकी वरची लेव्हल. तसं नाही. तपासणी कशासाठी करतोय, यावर लेव्हल ठरते. घरात काही बदललेलं नाही, तेच उपकरण, तेच जळण, आणि चिमणी नीट चालतेय, तर लेव्हल वन. माणूस येतो, हाताशी असलेले भाग डोळ्यांनी बघतो, पक्ष्याचं घरटं किंवा पालापाचोळा अडकलाय का, काजळी किती धरलीय, हे सांगतो. वर्षातून एकदा एवढं करावं असं मानक म्हणतं.

काही बदललं, की लेव्हल टू. उपकरण बदललं, तेलाऐवजी गॅस आला, आतलं अस्तर बदललं, चिमणीत आग लागली, वीज पडली, भूकंप झाला. आणि या यादीत स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आणखी एक कारण आहे: घराची विक्री. म्हणजे तुझ्या बाबतीत विचार करायला जागाच नाही. एजंट म्हणेल, "शंभर डॉलरमध्ये साफ करून बघून जातील." ते लेव्हल वन असतं. तुला ते पुरत नाही.

लेव्हल टूमध्ये वनचं सगळं येतंच, शिवाय माळा, तळघर, घराखालची पोकळी अशा जिथे जाता येतं त्या सगळ्या जागांतून चिमणी बघायची असते. काही तोडायचं नाही, पण फ्लूमध्ये खालपासून वरपर्यंत कॅमेरा फिरवायचा. कॅमेरा नसेल तर त्या तपासणीला लेव्हल टू म्हणू नकोस. आत भाजलेल्या मातीच्या नळ्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना तडे आहेत का, सांध्यातला मसाला गळलाय का, एखादी नळी सरकलीय का, हे खालून टॉर्च मारून दिसत नाही. माळ्यावर त्याला एक गोष्ट आवर्जून बघायला सांग. चिमणीचं बांधकाम आणि घराचं लाकूड यांत अंतर लागतं, घराच्या आतून जाणाऱ्या चिमणीला दोन इंच. जुन्या घरांत सुतारांनी तुळया थेट विटांना टेकवलेल्या सर्रास सापडतात. वर्षानुवर्षं ऊब लागून ते लाकूड कमी तापमानालाही पेट घेण्याजोगं होत जातं. छपरावर टोपी, माथ्यावरचा सिमेंटचा थर आणि छपराच्या सांध्यावरचा पत्रा बघायचा. उंचीही बघायची: छपरातून बाहेर येते तिथून किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा दोन फूट वर.

आता खास तुझ्या घराचं. तुझ्याकडे एकाच विटांच्या चिमणीत दोन फ्लू आहेत, एक दिवाणखान्यातल्या फायरप्लेसचा, दुसरा तळघरातल्या फर्नेसचा. सगळे फायरप्लेसची काळजी करतात, कारण तिथे ज्वाळा दिसते. माझी काळजी दुसऱ्या नळीची आहे. घर बांधलं तेव्हा तेलावर चालणारा बॉयलर होता आणि नंतर गॅस आला, हे विकणाऱ्याने कबूल केलंय. तेलाच्या बॉयलरचा धूर चांगला तापलेला असे, रुंद फ्लूतून सरळ वर जाई. गॅस जळला की पाण्याची वाफ खूप होते, आणि नव्या फर्नेसमधून बाहेर पडणारा वायू तुलनेने थंड असतो. तो त्या मोठ्या, गार नळीत चढता चढता निवतो, वाफेचं पाणी होतं, आणि ते पाणी आम्लयुक्त असतं. ते मातीच्या नळ्या आणि मसाला आतून खातं. कपच्या सुटून खाली पडतात, तळाशी ढीग होतो, आणि एके दिवशी फर्नेसच्या पाइपचं तोंडच बुजतं. मग धूर घरात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं इन्फ्लुएन्झा झाला.

याचंच दुसरं रूपही बघून घे. नवी फर्नेस जास्त कार्यक्षम असेल तर तिचा धूर प्लॅस्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर जातो, चिमणीत जातच नाही. मग त्या भल्यामोठ्या फ्लूत एकटा वॉटर हीटर उरतो. त्याच्या थोड्याशा उबेने एवढी नळी तापत नाही, ओढ धरत नाही, आणि पाणी साठतं. यावर उपाय म्हणजे योग्य मापाचं स्टेनलेस स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं अस्तर आत सोडणं. ते आधीच बसवलंय का, एवढं तळघरात जाऊन पाइप चिमणीत शिरतो तिथे बघितलंस तरी अंदाज येईल. न्यू जर्सीत असं उपकरण बदलताना परमिट लागतं, तेव्हा बदलाचं परमिट घेतलं होतं का, हे विकणाऱ्याला वकिलामार्फत लेखी विचार.

फायरप्लेसबद्दल थोडक्यात. लाकूड जळतं तेव्हा धुरातून क्रिओसोट नावाचं डांबरासारखं द्रव्य नळीला चिकटतं. ओलं सरपण आणि हवा कोंडून धुमसत ठेवलेली आग, दोन्हींनी ते वाढतं. भुरभुरीत काजळी ब्रशने निघते. ती काचेसारखी चकचकीत होऊन बसली, की साध्या ब्रशला दाद देत नाही. जाडी एक अष्टमांश इंच झाली की साफ करायचं. तेच पेटलं तर चिमणीतली आग हजार-अकराशे सेल्सियसपर्यंत जाऊ शकते, आणि कित्येकदा घरातल्यांना कळतही नाही. नळ्या तडकतात, आणि खरा धोका पुढच्या आगीच्या वेळी असतो. म्हणून आधीच्या मालकाने फायरप्लेस फारसा वापरला नाही, हे ऐकून निर्धास्त होऊ नकोस. आणि हो, वास्तुशांतीचा होम तिथेच करावा का, असं गौरीने गमतीत विचारलं होतं. तिला सांग, तपासणी होईपर्यंत त्यात समईसुद्धा लावू नका. गुरुजी अंगणात येतील.

लेव्हल थ्री म्हणजे तोडफोड. वनमध्ये किंवा टूमध्ये असं काही दिसलं, की भिंतीचा, चिमणीचा भाग उघडल्याशिवाय धोका आहे की नाही हे ठरवताच येत नाही, तेव्हाच ती करायची. आपणहून थ्री सुचवणारा माणूस दिसला, तर टूचे फोटो आधी माग.

खर्चाचे आकडे गावागणिक आणि छपराच्या उतारागणिक बदलतात, पण अंदाज असावा. लेव्हल वन साफसफाईसकट साधारण शंभर ते अडीचशे डॉलर. लेव्हल टू अडीचशे ते सहाशे. दोन फ्लू असल्याने तुला वरच्या अंगाला पडेल, आणि फ्लूंचे पैसे वेगळे लावतात का हे फोनवरच विचार. काजळी दाट असेल तर आधी साफ केल्याशिवाय कॅमेऱ्याला काही दिसत नाही, तेव्हा सफाई धरून भाव घे. थ्री हजारापासून सुरू होते आणि कुठवर जाईल ते भिंत उघडल्यावर कळतं. दुरुस्तीत टोपी काही शेकड्यांत बसते, स्टीलचं अस्तर दोन ते पाच हजारांत, आणि छपराच्या वरची चिमणी पाडून बांधायची झाली तर त्याहून पुष्कळ. घराच्या किमतीपुढे पाचशे डॉलर काहीच नाहीत, आणि ते तू आत्ता खर्च केलेस तर पुढचे पाच हजार विकणाऱ्याच्या किमतीतून वळते करून मागता येतात. क्लोजिंगनंतर तेच पाच हजार तुझे. करारातली इन्स्पेक्शनची मुदत कधी संपते, ते आजच बघ. तपासणी आणि लेखी मागणी दोन्ही त्या मुदतीच्या आत व्हायला हवीत.

माणूस निवडताना सावध राहा. पत्रपेटीत येणाऱ्या पन्नास-साठ डॉलरच्या सफाईच्या कुपनांपासून तर फारच. आमच्या मंडळातल्या एका बाईंकडे असाच एक आला, वर गेला, उतरला आणि फोनवर तडकलेल्या नळीचा फोटो दाखवून म्हणाला, आज रात्री फर्नेस लावलीत तर जबाबदारी तुमची. आठ हजारांचं कोटेशन खिशात तयार होतं. बाईंनी दुसऱ्याला बोलावलं. नळी धड होती. फोटो कुठल्या घराचा होता देव जाणे. तेव्हा चित्रीकरण सुरू होताना तुझं घर, तुझा फायरप्लेस त्यात दिसला पाहिजे, कॅमेरा तिथूनच आत गेला पाहिजे, आणि पूर्ण चित्रफीत तुला मिळाली पाहिजे. चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका प्रमाणपत्र देते, ते कंपनीच्या नावावर नसून त्या माणसाच्या नावावर असतं, येणाऱ्याचंच विचार. दुरुस्ती करणाऱ्याची राज्याच्या ग्राहक खात्याकडे नोंदणी लागते, तो क्रमांक आणि विम्याचा कागद घे. अहवालावर 'लेव्हल टू' हे शब्द आणि दोन्ही फ्लूंची वेगवेगळी नोंद हवी. "चिमणी ठीक" अशा एका ओळीची पावती परत कर. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा मात्र कोणाकडूनही आला तरी हसण्यावारी नेऊ नकोस. उपकरण बंद करायचं आणि मग दुसरं मत घ्यायचं, याच क्रमाने.

घर ताब्यात आल्यावर दरवर्षी लेव्हल वन पुरेल. एप्रिल-मेमध्ये बोलाव, सप्टेंबरनंतर सगळ्या गावाला एकदम थंडी आठवते आणि तारीख मिळत नाही. फार उशीरही नको, कारण उघड्या चिमणीत चिमणी-स्विफ्ट नावाची, आपल्या पाकोळीच्या कुळातली पाखरं घरटं करतात. १९१८ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, नांदतं घरटं काढता येत नाही, ती शरदात दक्षिण अमेरिकेकडे जाईपर्यंत थांबावं लागतं. मला तो कायदा आवडतो, पण टोपी वेळेत बसवलीस तर प्रश्नच उरत नाही. विटांना बाहेरून रंग देऊ नकोस. ओल आत अडते आणि थंडीत गोठून विटांचे पापुद्रे काढते. सरपण निदान सहा महिने वाळलेलं घे.

सोमवारी दोन-तीन ठिकाणी फोन कर, "दोन फ्लू, घराची विक्री, लेव्हल टू, कॅमेऱ्यासह" एवढंच सांगून भाव माग. तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, फर्नेस आधी काही तास बंद ठेवायला विकणाऱ्याला कळव. अहवाल आणि चित्रफीत आली की वकिलाला पाठवशील त्याच वेळी मलाही पाठव. मी वाचून फोन करेपर्यंत कशावरही सही करू नकोस.

गौरीला आशीर्वाद.

तुझी,
मावशी