पारंपरिक कोणतें, अपारंपरिक कोणतें?
(भूगोलाचा एक पाठ : ऊर्जासाधनें)



गेल्या पंधरवड्यांत आमच्या भिंगारच्या घरीं शेजारची एक मुलगी भूगोलाची वही घेऊन आली. शाळेंत तिला एक कोष्टक करावयास सांगितलें होतें. पहिल्या रकान्यांत पारंपरिक ऊर्जासाधनें : दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायु. दुसऱ्या रकान्यांत अपारंपरिक : सूर्य, वारा, भरतीओहोटी, शेणाचा वायु. ती मोठ्यानें वाचीत असतां तिची आजी जवळच बसली होती. ती म्हणाली, "अगं, हें उलटं लिहिलंस कीं काय? आम्ही वाऱ्यावर धान्य उफणलं, उन्हांत कुरडया वाळवल्या, चुलींत गोवऱ्या अन् तुराट्या घातल्या. दगडी कोळसा तर मी आगगाडीच्या इंजनाखेरीज कुठं पाहिलासुद्धां नाहीं. मग जुनं कोणतं अन् नवं कोणतं?"

आम्ही सर्व हंसलों. परंतु म्हातारीच्या शंकेंत पुष्कळ अर्थ आहे. पुस्तककर्त्यांच्या मनांत इतकेंच असतें कीं, कारखाने व आगगाड्या चालविण्याच्या कामीं जीं साधनें अगोदर रूढ झालीं तीं पारंपरिक. म्हणजे ही वर्गवारी रूढीवरून केलेली आहे, साधनांच्या स्वभावावरून नव्हे. स्वभाव ओळखावयाचा असल्यास दुसराच प्रश्न विचारला पाहिजे, तो असा : आपण आज जें खर्च केलें, तें सृष्टि किती काळानें भरून देते?

प्रथम कोळसा घ्या. आपल्या नगर जिल्ह्यांत विहीर कितीहि खोल नेली तरी काळा पाषाणच लागतो, कोळसा लागत नाहीं. हा पाषाण सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून वाहून आलेल्या रसाचा थर आहे. कोळसा पाहावयाचा तर दूर पूर्वेस, चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड ह्या भागांत गेलें पाहिजे. तेथील थर २५ ते ३० कोटि वर्षांपूर्वींचे. त्या काळीं दलदलींत अरण्यें बुडालीं, त्यांवर गाळ बसला, आणि दाबानें व उष्णतेनें लाकडाचा कोळसा झाला. त्या झाडांनीं पानांत सांठविलेलें ऊनच आज आपण जाळतों. चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचें असून सरकारी मालकीच्या केंद्रांत तें राज्यांत सर्वांत मोठें आहे. एक युनिट विजेस अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो, आणि त्याबरोबर सुमारें एक किलो कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत जातो. राख निराळीच, आपल्या देशांतील कोळशांत ती फार. शिवाय ह्या भट्ट्यांस पाणीहि लागतें. २०१५ सालच्या अवर्षणांत परळीचें केंद्र पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें, ही गोष्ट मराठवाड्यालगतच्या आपल्या वाचकांस आठवत असेल.

खनिज तेलाची कथा तीच; केवळ ठिकाण समुद्रांत. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखालीं १९७४ सालीं तेल सांपडलें आणि १९७६ पासून तें काढूं लागले.

अणुशक्तीविषयीं मात्र मुलांच्या मनांत मोठा गोंधळ असतो. तारापूर येथें १९६९ सालीं भारतांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. मुलांस वाटतें कीं तेथें अणूंतून वीज थेट बाहेर पडते. तसें नाहीं. युरेनियमच्या अणूचा गाभा दुभंगतो, त्यांतून उष्णता निघते, त्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते आणि वाफ चक्र फिरविते. चंद्रपुरासहि वाफच चक्र फिरविते. हंडा तोच, चूल तेवढी निराळी. परंतु चुलीचा हा फरक लहान नव्हे. दुभंगणाऱ्या जातीचें एक किलो युरेनियम पूर्णपणें कामीं आलें तर दोनअडीच हजार टनांहून अधिक कोळशाइतकी उष्णता देतें, आणि त्या भट्टींतून धूर निघत नाहीं. तेव्हां हवेच्या दृष्टीनें तें वाऱ्याच्या पंक्तीस बसतें; पण तें खाणींतून काढलेलें व भरून न येणारें म्हणून कोळशाच्या पंक्तीस बसतें. शिवाय त्याची राख हजारों वर्षें घातक किरण टाकीत राहते, व अपघात झालाच तर काय होतें हें १९८६ सालीं चेर्नोबिल येथें व २०११ सालीं जपानांतील फुकुशिमा येथें जगानें पाहिलें. दोन रकान्यांच्या कोष्टकांत ह्याला प्रामाणिकपणें जागा देतां येत नाहीं. मीं त्या मुलीस तिसरा रकाना पाडावयास सांगितलें.

आजीच्या चुलीचाहि विचार करावा. लाकूड भरून येणारें खरें, पण बाभूळ तोडल्यावर दुसरी लाविली तरच. नाहींतर डोंगर उघडे पडतात, आणि आपल्या भागांतील कित्येक पडले आहेत. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर कोणाच्या डोळ्यांत व छातींत गेला, हें तर पुस्तकांत कोठेंच लिहीत नाहींत.

ऊन, वारा व पाणी हीं खरोखर भरून येणारीं. तथापि तीं फुकट मिळतात असें जें मुलें लिहितात तें बरोबर नव्हे. टाटा कंपनीनें १९१५ सालीं खोपोली येथें घाटावरील पाणी खालीं सोडून वीज केली व ती मुंबईच्या गिरण्यांस दिली. पुढें मुळशीस धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां १९२१ सालीं तेथील मावळ्यांनीं आपल्या जमिनींसाठीं सत्याग्रह आरंभिला. त्यांचे पुढारी पांडुरंग महादेव बापट हे आपल्याच जिल्ह्यांतील पारनेरचे. त्या लढ्यापासूनच लोक त्यांस सेनापति म्हणूं लागले. धरण शेवटीं झालेंच, आणि १९२७ पासून भिरा येथें त्या पाण्याची वीज होऊं लागली. धरणांत पाणी दरसाल भरतें. बुडालेली भातखाचरें परत येत नाहींत. तारापूरच्या नव्या भट्ट्यांकरितांहि पोफरण व अक्करपट्टी हीं गांवें उठवावीं लागलीं. म्हणून कोष्टकांत "कोणाची जागा गेली?" असा एक रकाना असावा, असें माझें मत आहे. परीक्षेंत त्याला गुण मिळतील असें मीं तिला सांगितलें नाहीं.

आतां खरा प्रश्न. तो तिनें जातां जातां विचारला, आणि त्याचमुळें हा पाठ लिहिण्याचें मनांत आलें. तिच्या वडिलांची थोडी शेती आहे. कांदा व गहूं ह्यांस पाणी भरण्याकरितां वीज ज्या वेळीं येईल त्या वेळीं त्यांस जावें लागतें, आणि ती पुष्कळदां रात्रीं येते. थंडींत गुडघाभर चिखलांत, हातांत बॅटरी घेऊन, साप व विंचू ह्यांच्या भयांत; जिल्ह्याच्या उत्तर भागांत तर उसांत बिबट्याहि असतो. ती म्हणाली, "काका, ऊन दिवसां असतं, मग वीज रात्रीं कां देतात?"

ह्याचें उत्तर असें. वीज धान्यासारखी कणगींत भरून ठेवतां येत नाहीं. जेव्हां होते तेव्हांच बहुतेक सर्व खपली पाहिजे. कोळशाची मोठी भट्टी रात्रीं विझवून पहाटे पेटवावी असें होत नाहीं. ती मंद करितां येते इतकेंच. मध्यरात्रीं शहरें निजतात, मागणी उतरते आणि वीज उरते. ही उरलेली वीज खपविण्याचा सोपा मार्ग म्हणजे शेतांतील पंप. म्हणून राज्यांत आळीपाळीनें कांहीं दिवस दिवसां ८ तास, तर कांहीं दिवस रात्रीं १० तास वीज देण्याचा परिपाठ पडला. तेव्हां त्या बापाची झोपमोड करणारा कोणी दुष्ट मनुष्य नसून चंद्रपूरच्या भट्टीचा स्वभाव आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. निदान पुष्कळ अंशीं.

उन्हाचा स्वभाव नेमका उलट. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असल्यामुळें आपल्याकडे पाऊस कमी. पण ज्या कारणानें ढग कमी, त्याच कारणानें ऊन पुष्कळ. एक किलोवॅटच्या सौरपट्ट्या दिवसाला सुमारें ४ युनिटें वीज देतात, आणि ती भरदुपारीं, पंप चालविण्यास सोयीच्या वेळीं. गांवाजवळच सौरपट्ट्या मांडून शेतीच्या पंपांस दिवसां वीज द्यावी, अशी योजना राज्य सरकारनें २०१७ सालीं काढली, व तिचा एक पहिला प्रयोग पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी येथें आरंभिला. ज्या गांवीं ही वीज पोहोंचते तेथें रात्रीची पाळी टळते.

तरी सायंकाळीं काय करावें? सूर्य मावळतो त्याच वेळीं घरोघर दिवे लागतात. वाराहि आपल्या सोयीनें वाहत नाहीं. आपल्या नगर तालुक्यांतील खांडके येथील व सुप्याजवळील पवनचक्क्या आषाढांत जोरानें फिरतात आणि कार्तिकांत रेंगाळतात. ह्या अडचणीवरील एक उपाय आपल्याच जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांत, घाटघर येथें २००८ सालापासून आहे. तेथें एक तलाव घाटमाथ्यावर व दुसरा सुमारें ४०० मीटर खालीं कोंकणांत आहे. वीज उरली म्हणजे तिनें खालचें पाणी वर चढवितात. मागणी वाढली म्हणजे तेंच पाणी खालीं सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज परत घेतात. शंभर युनिटें खर्चावीं तेव्हां पाऊणशें ते ऐशीं हातीं येतात, म्हणजे हा तोट्याचा व्यवहार होय; परंतु वेळेवर मिळालेल्या विजेची किंमत अधिक. पूर्वीं असें पाणी चढवावयाचें तें रात्रीं. दुपारीं उन्हाची वीज उरूं लागली म्हणजे तें दुपारीं चढवावें हें ओघानेंच आलें. पुस्तकांत घाटघरचें नांव आलें तर मुलांनीं तें जलविद्युत् केंद्र म्हणून पाठ करूं नये; तें पाण्यानें केलेली विजेची कणगी आहे.

त्या मुलीनें कोष्टक पुन्हां आंखलें. आतां त्यांत साधनाचें नांव, किती काळानें भरून येतें, धूर किती, कोणाची जागा गेली, आणि केव्हां मिळतें, असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यांत कोळशापुढें तिनें "रात्रंदिवस" लिहिलें, उन्हापुढें "दिवसां", वाऱ्यापुढें "आषाढांत फार." चुलीपुढें काय लिहावें म्हणून ती थांबली, तेव्हां आजी म्हणाली, "पहाटे पांचला, लिही. सर्वांच्या अगोदर मलाच उठावं लागत होतं."