निवेदनाच्या पानामागचं धरण



बारवी धरणाच्या विस्थापितांचं निवेदन तू टाइप करून देतो आहेस, हे कळल्यापासून मला फार समाधान वाटतंय. फाइल शब्दन् शब्द वाचली. मजकूर नेमका आहे. प्रत्येक पानामागे भरलेल्या धरणाचा फोटो टाकलास, त्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

फोटो जरूर असावा. एमआयडीसीनं धरणाची उंची वाढवली, पाण्याची पातळी 68.60 मीटरवरून 72.60 मीटरवर गेली आणि 2019च्या पावसाळ्यात धरण त्या उंचीपर्यंत भरलं. मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, मोहघरसारख्या गावांतली घरं-शेतं त्या पाण्याखाली गेली. तेच पाणी पुढे उल्हास नदीतून उचललं जातं आणि उल्हासनगर-अंबरनाथच्या नळांना येतं. निवेदन हातात घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर हे धरण यायलाच हवं. पण ते पहिल्या पानावर. जोडपत्रांवर नको.

जोडपत्रांत सातबाऱ्यावरचे गट नंबर आहेत, हेक्टर-आरचे आकडे आहेत. 0.45 आणि 45 यांत फरक एका टिंबाचा. ते टिंब धरणाच्या काळ्या पाण्यात बुडालं तर एका कुटुंबाचा हिशेब चुकतो. आपल्या अक्षरांचे अनुस्वार आणि रफारही बारीक असतात, गडद चित्रावर ते आधी नाहीसे होतात. शिवाय हा कागद एका टेबलावर थांबणार नाही. त्याची झेरॉक्स निघेल, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स निघेल आणि दर वेळी मागच्या फिकट रंगाचे काळपट डाग होत जातील.

आता कृती. तू फोटो नुसता इन्सर्ट करून मजकुराच्या मागे ढकललेला दिसतोय, म्हणून ओळी वाढल्या की तो सरकतो. तो काढून टाक. वर्डमध्ये डिझाइन टॅबवर वॉटरमार्क, त्यात कस्टम वॉटरमार्क, मग पिक्चर वॉटरमार्क निवड. सिलेक्ट पिक्चरनं फोटो घे आणि वॉशआउटची खूण राहू दे. चित्र फिकं होतं ते तिच्यामुळेच. आभाळ जास्त आणि झाडी कमी असा फोटो निवड. मोबाइलवरचा मूळ फोटो जड असतो, तो आधी लहान करून घे.

हे चित्र हेडरमध्ये जाऊन बसतं, म्हणून ते सगळ्या पानांवर उमटतं. ते पहिल्या पानापुरतं ठेवायचं तर पान संपतं तिथे लेआउटमधून ब्रेक्स, नेक्स्ट पेज असा सेक्शन ब्रेक दे. दुसऱ्या पानाच्या हेडरवर डबल-क्लिक करून लिंक टू प्रीव्हियस बंद कर आणि मगच तिथलं चित्र निवडून डिलीट कर. हा क्रम उलटा झाला तर पहिल्या पानावरचंही चित्र जातं. लिबरऑफिस वापरणार असशील तर तिथला वॉटरमार्क फक्त अक्षरांचा असतो, चित्र पेज स्टाइलच्या एरियामधून टाकावं लागतं.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की ठेव. नोटेवरच्या वॉटरमार्कमधली गांधीजींची छबी कागद ओला असतानाच त्याच्या जाडी-पातळपणातून घडवलेली असते, म्हणून उजेडात धरली की नोट खरी की खोटी ते कळतं. इटलीतल्या फाब्रियानोचे कागद बनवणारे कारागीर तेराव्या शतकात अशाच खुणा करत. आपला वॉटरमार्क नुसती छपाई आहे. फाइल ज्याच्या हाती जाईल तो रिमूव्ह वॉटरमार्क दाबून तो क्षणात काढू शकतो. चित्र आहे म्हणजे कागद सुरक्षित आहे, असं विस्थापितांच्या समितीतल्या कोणालाही सांगू नकोस. कागद दिल्याचा पुरावा म्हणजे आपल्या प्रतीवरचा आवक शिक्का, तारीख आणि सही. राजमुद्रा किंवा एमआयडीसीचं बोधचिन्ह मागे टाकायची सूचना कोणी केली तर ठाम नकार दे. अर्ज लोकांचा आहे, त्यावर सरकारी खूण टाकायचा आपल्याला अधिकार नाही.

छपाईआधी पीडीएफ काढ, एकच प्रत छाप आणि तिची झेरॉक्स करून बघ. मग ती प्रत घेऊन समितीतल्या ज्येष्ठ मंडळींकडे जा. प्रत्येक नाव आणि क्षेत्र त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच. त्यांनी होकार दिल्यावरच बाकीच्या प्रती काढ.

तुझा,
मामा