घरची सरकी पेरण्याआधी पिढीचा हिशेब मांडा

खरीपपूर्व बियाणे सल्ला : कापूस, सोयाबीन, तूर (यवतमाळ जिल्हा)

मृग तोंडावर आला की राळेगाव-वणीपासून पुसद-उमरखेडपर्यंत बियाण्याची जुळवाजुळव सुरू होते. वखरणी आटोपलेली असते, हातात पैसा कमी असतो आणि अशा वेळी दोन मोह होतात. पहिला मोह, गेल्या साली चांगल्या पिकलेल्या संकरित पऱ्हाटीची सरकी राखून तीच टोबायची. दुसरा, बिलाशिवाय सुट्या पिशवीत मिळणारे ‘बीटी’ आणायचे. दोन्हींत पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण अशा बियांतून काय उगवणार, याचा अंदाज पेरणीआधी कागदावर काढता येतो. तो कसा काढायचा आणि त्यावरून यंदा काय करायचे, ते या लेखात पाहू.

मूळ नियम

ग्रेगोर मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६६ मध्ये ते छापले. जांभळ्या फुलांचा आणि पांढऱ्या फुलांचा वाटाणा त्याने एकत्र केला. पहिल्या पिढीत सगळी झाडे जांभळ्या फुलांची निघाली. त्या झाडांचेच बी पुढच्या वर्षी पेरले, तेव्हा ७०५ झाडे जांभळी आणि २२४ पांढरी आली. म्हणजे जवळपास तिनास एक.

कारण सोपे आहे. प्रत्येक गुणाच्या जनुकाच्या झाडात दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. झाड पुढच्या पिढीला त्यांतली एकच देते. कोणती, हे नाणेफेकीसारखे असते. दोन्हीकडून पांढरी प्रत येण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे पाव. एक जरी जांभळी आली तरी फूल जांभळेच दिसते. म्हणून लपलेला गुण दुसऱ्या पिढीत चौथ्या हिश्श्याने वर येतो.

संकराची सरकी घरी का ठेवू नये

जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी दिला. पुढे नांदेडचा एनएचएच-४४ आणि अकोल्याचा पीकेव्ही हायब्रीड-२ आपल्या शेतात रुजले. दुकानातल्या बीटी पाकिटातही बहुतेक वेळा संकरच असतो. दोन वेगळ्या वाणांचे मीलन करून तयार झालेली ही पहिली पिढी. तिची सगळी झाडे सारखी आणि जोमदार असतात. हा जोम प्रतींच्या वेगळेपणातून येतो.

याच झाडांची सरकी पेरली की प्रती पुन्हा वाटल्या जातात. समजा, उत्पादनाचा जोम फक्त दहा जनुकांवर अवलंबून आहे. प्रत्यक्षात ती कितीतरी अधिक असतात. एका जनुकाची जोडी आईसारखीच राहण्याची शक्यता अर्धी. दहाही जोड्या तशाच राहण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. चार बाय दोन फुटांवर एकरी सुमारे साडेपाच हजार झाडे बसतात. त्यांत गेल्या वर्षीच्या झाडासारखी हुबेहूब झाडे निघतील पाच. बाकीच्यांत कोणाची उंची वेगळी, कोणाची बोंडे लहान, कोणाचा धागा आखूड. वेचणी लांबते आणि कापसाची प्रत ढासळते.

बीटीच्या जनुकांचीही हीच गत. बोलगार्ड-२ मध्ये क्राय-१ एसी आणि क्राय-२ एबी अशी दोन जनुके आहेत. बहुतेक संकरांत ती एकाच पालकाकडून आलेली, म्हणजे प्रत्येकाची एकच प्रत. दुसऱ्या पिढीत दर १६ झाडांमागे ९ झाडांत दोन्ही जनुके, ६ झाडांत कोणते तरी एकच आणि एका झाडात एकही नाही. साडेपाच हजार झाडांत सुमारे ३४० झाडे बीटीविना आणि दोन हजारांवर झाडे अर्ध्या संरक्षणाची. अमेरिकन बोंडअळीवर बीटी अजून बऱ्याच अंशी लागू पडते. ते कवचही आपण अशा बियाण्याने स्वतःच्या हाताने फाडतो. सुट्या पिशवीतले बी कोणत्या पिढीचे, हे तर विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

गुलाबी बोंडअळीलाही हाच नियम

पाकिटातले बी अस्सल असले तरी संकराच्या बोंडात तयार होणारी सरकी दुसऱ्या पिढीची असते. एका बोंडात ३२ सरक्या धरल्या, तर सरासरीने १८ मध्ये दोन्ही विषे, १२ मध्ये एक आणि २ मध्ये एकही नाही. गुलाबी बोंडअळीचा मुख्य आहार सरकीच. एकाच बोंडात तिला विषारी, कमी विषारी आणि बिनविषारी दाणा मिळतो. त्यातून थोडीफार सहनशक्ती असलेल्या अळ्याही तगतात.

सहनशक्तीचा गुण या अळीत बऱ्याच अभ्यासांत लपणारा, म्हणजे दोन प्रती असल्या तरच पुरता उतरणारा आढळला आहे. शंभरात एक प्रत अशी असेल, तर दोन्ही प्रती असलेली अळी दहा हजारांत एक. प्रती शंभरात दहा झाल्या की तशी अळी शंभरात एक. प्रती दहापट वाढल्या आणि धोका शंभरपट. म्हणूनच काही वर्षे काहीच दिसत नाही आणि मग एखाद्या हंगामात सगळे शिवार हातचे जाते.

आपल्याकडे तेच झाले. भारतात बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. २०१० पर्यंत गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला पुरून उरली होती, पुढे दुसऱ्यालाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळसह विदर्भाची बोंडे पोखरली गेली. त्याच हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घरांची आठवण ठेवून सांगतो, फवारणीची वेळच कमी यावी याची तयारी बियाण्यापासून करायची असते.

बिगर बीटी आश्रय ओळी याच हिशेबावर उभ्या आहेत. तिथे वाढलेल्या साध्या पतंगाशी सहनशील पतंगाचे मीलन झाले, की पिल्लांत सहनशक्तीची एकच प्रत येते आणि ती बीटीवर मरतात. चीनमध्ये यांग्त्से खोऱ्यात एका जनुकाच्या बीटी संकराची दुसरी पिढी पेरली गेली, पाव झाडे बीटीविना निघाली आणि तिथल्या गुलाबी बोंडअळीची सहनशक्ती घटलेली आढळली. याचा अर्थ आपण सरकी राखावी असा नाही. आपल्याकडे सहनशील अळी आधीच पसरली आहे. बोध इतकाच की आश्रय झाडे खरोखर काम करतात. पाकिटात मिसळून किंवा वेगळे मिळणारे बिगर बीटी बी फेकू नका, टोबा.

घरचे बी कुठे चालते

सोयाबीन : जेएस-३३५, एमएयूएस-१५८, फुले संगम, पीडीकेव्ही अंबा हे सरळ वाण आहेत. सोयाबीनमध्ये स्वपरागीकरण होते, दोन्ही प्रती सारख्याच असतात, म्हणून मुलगा बापासारखा निघतो. प्रमाणित बियाण्यापासून दोन-तीन वर्षे घरचे बी खुशाल वापरा. इथे धोका भेसळीचा, तोही बहुधा मळणीयंत्रातून. जेएस-३३५ चे फूल जांभळे असते. फुलोऱ्यात पांढऱ्या फुलाचे झाड दिसले तर उपटून टाका.

सरळ वाणाचा कापूस : नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे सुरज आणि रजत बीटी किंवा अकोल्याचे एकेए-७ सारखे देशी वाण यांची सरकी राखता येते. मात्र मधमाश्या शेजारच्या संकराचे पराग आणतात. त्यामुळे बियाण्यासाठी दुसऱ्या कापसापासून किमान ३० मीटर अंतर ठेवा आणि शेताच्या मधल्या भागातली, सुरुवातीच्या वेचण्यांची निरोगी बोंडे निवडा. रजत बीटीत एकच बीटी जनुक आहे. गुलाबी बोंडअळीवर लक्ष तिथेही ठेवावेच लागते.

तूर : आशा, पीकेव्ही तारा, बीडीएन-७११ हे सरळ वाण असले तरी तुरीत परपरागीकरण बरेच होते. बियाण्याच्या तुरीपासून दुसरा वाण १०० मीटरच्या पुढे असावा. एवढे अंतर जमत नसेल तर दर दोन वर्षांनी बी बदला.

नमुना किती घ्यावा

दहा टक्के बोंडे किडलेली असताना पाचच बोंडे फोडली, तर एकही अळी न सापडण्याची शक्यता ५९ टक्के. वीस बोंडे फोडली तर ती १२ टक्क्यांवर येते, तीस फोडली तर ४ टक्क्यांवर. म्हणून बांधावरची दोन-चार बोंडे पाहून निर्धास्त होऊ नका. उगवण तपासायलाही १०० दाणे मोजून घ्या, दहा नव्हे.

या हंगामात काय करावे

- सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. ७० टक्क्यांना एकरी ३० किलो बी लागते. उगवण ६० टक्के आली तर ३५ किलो घ्या. त्याहून कमी आली तर बी बदला.
- संकरित कापसाचे बी दरवर्षी नवे, परवानाधारक विक्रेत्याकडून आणि पक्क्या बिलावर घ्या. बिल, पाकीट आणि थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.
- ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सरकी टोबू नका. लवकर टोबलेल्या कापसावर आधी निघालेल्या पतंगांना फुले आयती मिळतात.
- दीड महिन्यानंतर हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले तर कृषी सहायकांच्या सल्ल्याने उपाय करा.
- डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा. दर आठवड्याला एकरभरातून वेगवेगळ्या ठिकाणची २० हिरवी बोंडे फोडून पाहा. दोन बोंडांत अळी सापडली तर थांबू नका.
- फवारणी करताना हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे वापरा. दोन कीटकनाशके मनाने मिसळू नका.
- डिसेंबरअखेर पीक संपवा. फरदड ठेवू नका. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचू नका.

शंका असेल तर यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात पेरणीआधी जा. बी हातात घेतल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे सरळ वाणाचे की संकराचे? सरळ वाणाचे असेल तर निवडून, उगवण तपासून पेरा. संकराचे असेल तर ती सरकी घाणीला किंवा ढेपेसाठी द्या, शेतात टोबू नका.