पगाराआधी सुटी



1884 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. त्या भरवल्या होत्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते महात्मा फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. गिरण्यांत दिवसभर राबावे लागे आणि पगारही वेळेवर मिळत नसे. तरीही सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या निवेदनातली पहिली मागणी पगाराची नव्हती. दर रविवारी पूर्ण सुटी मिळावी, ही ती मागणी होती. पगार ठरावीक तारखेपर्यंत मिळावा, ही मागणी त्यानंतर होती. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

गरीब माणसांनी आधी वेळ का मागितला?

उत्तर पवित्र शास्त्रात आहे. अनुवादाच्या 5 व्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा देताना देव इस्राएलला आठवण करून देतो, की तुम्ही मिसर देशात गुलाम होता. गुलामाची खरी ओळख त्याच्या रिकाम्या खिशात नाही. त्याला स्वतःचा असा एकही दिवस नसतो, ही त्याची ओळख आहे. म्हणूनच ही विश्रांती दासदासी, परका माणूस, एवढेच काय, बैल आणि गाढव यांनाही द्यायची आहे. मुंबईतील यशानंतर वर्षभरातच, 15 मे 1891 रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा आग्रह धरला.

आता आपल्याकडे पाहू. भोसरी, पिंपरी-चिंचवड परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. मुलांची शाळा रविवारी बंद. त्यात एकाची फर्स्ट शिफ्ट, दुसऱ्याची नाईट. नवराबायकोचे पगार एका खात्यात जमा करता येतात, वेळेचे तसे होत नाही. वडिलांचा गुरुवार आणि मुलांचा रविवार यांची बेरीज होत नाही. दोघे एकाच तासाला घरी असतील, तरच तो तास घराचा होतो. मुलाचे सहावे वर्ष बँकेत ठेवून निवृत्तीनंतर काढता येत नाही.

पैसा नको, असे मी म्हणत नाही. घरभाडे, फी, औषधपाणी चुकत नाही. चाकणच्या कंत्राटी कामगाराला ओव्हरटाईम ही चैन नाही, त्याला उपदेश करणे अन्यायाचे होईल. पण गरज भागल्यावरही आपण दिवस विकत राहतो का, हे प्रत्येकाने तपासावे. लूकच्या 12 व्या अध्यायातील श्रीमंताने धान्यासाठी मोठी कोठारे बांधण्याचा बेत केला. पुष्कळ वर्षे हाताशी आहेत, असे तो धरून चालला होता. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. त्याचा हिशेब धान्यात चुकला नव्हता, वेळेत चुकला होता.

घरी एकत्र बसून विचार करा :

1. या आठवड्यात घरातील सर्वजण एका वेळी किती तास एकत्र होते? शिफ्टचा तक्ता पाहून पुढच्या आठवड्याचे एक जेवण आजच ठरवा.

2. महिन्यातला एखादा ओव्हरटाईम नाकारणे आपल्याला परवडेल का?

3. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना, दुकानातील वा वर्कशॉपमधील मुलाला आपण आठवड्याची पगारी सुटी देतो का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर सुरुवात तिथूनच करावी.